एका दिवसात पेलेल्यू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पेलेल्यू हे पॅसिफिकमधल्या पलाऊ देशातलं बेट, १९४४मध्ये अमेरिकी आणि जपानी सैन्यात इथे मोठी लढाई झाली. ते एका दिवसात कसं बघावं यावर मी लिहिलं होतं. त्यावर "एका दिवसात पेलेल्यू ही वाचकांची शुद्ध फसवणूक आहे, घरी बसून नकाशा बघून लिहिलेलं दिसतंय," असं तुम्ही लिहिलंत, वर दोन रात्रींशिवाय तिथे काहीच दिसत नाही, हेही. शिवाय साल चुकलंय, न फुटलेल्या दारूगोळ्याबद्दल चकार शब्द नाही आणि खर्च रुपयांत दिलेला नाही, या आणखी तीन तक्रारी.

साल चुकलं, मान्य. लढाई संपल्यावरही गुहांत दडून राहिलेले ३४ जपानी सैनिक एप्रिल १९४७मध्ये शरण आले, १९४५मध्ये नव्हे. दुरुस्त केलंय, आभार. पण एवढं सांगायला 'फसवणूक' कशाला लागते? नाव न लावता लिहिलं की माणसाची जीभ सैल सुटते, दुसरं काय! पॅसिफिकमधली युद्धस्थळं मी बारा वर्षं पालथी घालतोय, पेलेल्यूला तीनदा जाऊन आलोय. आणि हो, नकाशा बघतो. तो बघितला असतात तर तुम्हालाही दिसलं असतं की बेट उत्तर-दक्षिण जेमतेम दहा किलोमीटर आहे.

आता तो दिवस. पलाऊतल्या मुख्य शहरातून, कोरोरहून, स्पीडबोटीने तासभर लागतो. ओहोटी असली तर नावाडी उथळ पाणी टाळून लांबून नेतो, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारायची. सरकारी बोट स्वस्त, पण ती आठवड्यातले मोजके दिवस आणि पेलेल्यूकरांच्या सोयीने सुटते, त्याच दिवशी परतायला तिचा उपयोग नाही. पेलेल्यूचा परवाना वेगळा, वाटेत रॉक आयलंड्सवर उतरायचं तर कोरोरचा वेगळा. दोन्ही बोटवाल्याकडून आधी करून घ्या. धक्क्यावर गाडी सांगून ठेवलेली हवी, नाहीतर खरंच दिवस फुकट जातो.

बहुतेक गट 'हजार माणसांच्या गुहे'पासून (जपानी सैन्याने खोदलेलं भुयारांचं जाळं) सुरुवात करतात, कारण ती उत्तरेच्या धक्क्याच्या वाटेवर आहे. तिथेच गणित बिघडतं. डोंगर आधी करा. हा उमुरब्रोगोल डोंगर म्हणजे उभट प्रवाळी चुनखडी, सकाळी दहानंतर तव्यासारखी तापते. सप्टेंबर १९४४मध्ये तिथे पारा ४० अंशांच्या पुढे होता आणि अमेरिकी सैनिकांच्या पिण्याच्या पाण्याला पिंपातल्या तेलाचा वास येत होता. माणशी निदान दोन लिटर पाणी, बंद बूट (चपलेतून तो दगड पाय कापतो), मग धावपट्टी, ऑरेंज बीच (अमेरिकी सैन्य उतरलं त्यातला एक किनारा), छप्पर फुटून आत झाडं वाढलेलं जपानी मुख्यालय. हा-गो या हलक्या जपानी रणगाड्यापाशी मात्र घाई नको. चिलखत जाडीला जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या ग्रॅनाइटपेक्षाही कमी. असे रणगाडे उघड्या धावपट्टीवरून अमेरिकी शेर्मन रणगाड्यांच्या तोंडी घातले होते.

गुहा परतीच्या वाटेवर. आत सकाळ काय नि दुपार काय, अंधारच. मोबाइलचा उजेड पुरत नाही, कपाळाला बांधायची बॅटरी न्या. पायाखाली जुन्या बाटल्या आहेत.

एवढं दिवसात होतं. होत नाही ते हे : जपानी सेनापती नाकागावांच्या शेवटच्या ठाण्याची गुहा, २०० मिलिमीटरची नौदलाची तोफ आणि दक्षिण टोकाचं शांतता उद्यान, जिथे २०१५ साली सम्राट अकिहितो आले होते, ही तिन्ही एका दिवसात निवांत बघता येत नाहीत. दोन निवडा. यासाठी कोणाला एक रात्र राहावंसं वाटलं तर राहावं, मी कुठे अडवलंय? मात्र 'दोन रात्रींशिवाय काहीच दिसत नाही' हा तुमचा आत्मविश्वास अमेरिकी मरीन सैनिकांचे सेनापती जनरल रुपर्टस यांच्या तोडीचा वाटतो. ते तीन दिवसांत बेट घेऊ म्हणाले होते. लागले अडीच महिने.

दारूगोळा : आखलेली पायवाट सोडायची नाही, गंजलेलं काहीही उचलायचं नाही, वाटाड्याशिवाय गुहेत शिरायचं नाही. सज्ञान वाचकाला याहून जास्त काय सांगायचं?

राहिले रुपये. पलाऊत अमेरिकी डॉलर चालतो, बेटावर रोख न्या. रुपयांतला आकडा महिन्याभरात शिळा होतो. त्यापेक्षा हे विचारलं असतंत तर बरं झालं असतं की मुंबईहून ग्वाममार्गे गेल्यास नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसेल तर तैपेई किंवा मनिला, आणि तिथले ट्रान्झिटचे नियम तिकीट काढायच्या आधी बघा. डॉलरचे रुपये करायचा गुणाकार तेवढा तुमचा तुम्ही करा.