गर्भपात आता 'हक्क' झालाय म्हणे! त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा घेऊन

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरत आला. "प्रत्येक आईवडिलांनी वाचावं असं", खाली हात जोडलेले इमोजी. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने आणि मग सुप्रीम कोर्टाने भारतात गर्भपात हा बाईचा हक्क करून टाकला, आता कुठलीही मुलगी २४ आठवड्यांपर्यंत मनात आलं की जाऊन मोकळी होऊ शकते, नवऱ्याला विचारायला नको की आईबापांना, त्यामुळेच मुली कमी झाल्या, एकदा पाडलं की पुन्हा मूल होत नाही आणि वर कॅन्सर, आपल्या संस्कृतीत हे कधीच नव्हतं, अमेरिकेनेसुद्धा बंदी घातली आणि आपण मात्र झोपलोय. शेवटी ठळक अक्षरात: हा खून आहे, अपवाद फक्त बलात्काराचा.

टाकणारे काका ओळखीचेच आहेत, माणूस वाईट नाही, बीपीच्या गोळ्या आमच्याकडूनच नेतात. सिंहगड रोडला आमचं मेडिकल आहे, मी स्वतः फार्मासिस्ट, त्यामुळे या विषयातलं जे काउंटरच्या अलीकडून दिसतं ते मला रोज दिसतं. ग्रुपवर भांडण करून उपयोग नसतो म्हणून सविस्तर लिहितेय.

"गर्भपात हा बाईचा हक्क झाला"

नाही झाला. हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि गंमत म्हणजे तो विरोधकांना पण आहे आणि बाजूने बोलणाऱ्यांना पण. गर्भपात करणं हा आपल्याकडे आजही मुळात गुन्हा आहे. इंग्रजांनी १८६० साली लिहिलेलं दंड संहितेचं कलम ३१२, ते १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत ८८ नंबरने आलंय, आणि त्यात स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा येते. १९७१ चा एमटीपी कायदा (म्हणजे आपला गर्भपाताचा कायदा) काय करतो, तर अमुक अटी पाळल्या तर डॉक्टरवर गुन्हा लागणार नाही एवढं सांगतो. म्हणजे सूट आहे, ती डॉक्टरला, आणि निर्णय पण डॉक्टरच्या मताचा. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं की हे दिवस पुढे नेले तर तिच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका आहे किंवा बाळात मोठं व्यंग असण्याची शक्यता आहे. गर्भनिरोधक फसलं असेल तर त्याचा मनस्ताप हा गंभीर धोका धरता येतो, बहुतेक केसेस त्या खिडकीतून जातात. पण "मला नकोय" हे कारण कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, शोधून बघा.

आणि २४ आठवडे? ते सरसकट नाहीत हो. दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि फक्त ठरावीक बायकांसाठी आहे: लैंगिक अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, दिवस गेलेले असताना विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, मानसिक आजारी, आपत्तीत सापडलेल्या, किंवा बाळात गंभीर व्यंग असलेल्या. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने एवढं म्हटलं की यात अविवाहित बाईला वगळता येणार नाही, आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कार हाही बलात्कारच धरायचा. त्या निकालात बाईच्या निर्णयस्वातंत्र्याबद्दल बरंच चांगलं लिहिलंय हे खरं, फॉरवर्डवाल्याने बहुतेक तेवढंच वाचलं असावं.

कारण पुढच्याच वर्षी काय झालं ते त्यात नाहीये. ऑक्टोबर २०२३. दोन मुलांची आई, लग्न झालेली, दुसऱ्या बाळंतपणानंतर मानसिक आजाराची औषधं चालू, बाळ अंगावर पितंय म्हणून पाळी आली नाही तरी तिला शंका आली नाही (आपल्याकडे घरोघरी हेच सांगतात ना, अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत). कळलं तेव्हा उशीर झालेला. कोर्टाने आधी परवानगी दिली, मग एम्सच्या डॉक्टरने कळवलं की बाळ जगू शकतं, मग दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, शेवटी १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींनी नकार दिला, तेव्हा २६ आठवडे उलटून गेलेले. कारण काय, तर बाळात व्यंग नाही आणि तिच्या जिवाला तातडीचा धोका नाही. तो निकाल बरोबर की चूक यावर माणसं प्रामाणिकपणे वाद घालू शकतात, २६ आठवड्यांचं बाळ म्हटल्यावर माझ्याही पोटात कालवतं. पण काका, "मनात आलं की" याला म्हणतात का?

२४ च्या पुढे तर, बाईचा जीव वाचवायला तातडीने करावं लागलं ते सोडून, फक्त बाळात गंभीर व्यंग असेल तर, आणि तेही तज्ज्ञ डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाने हो म्हटलं तर. व्यंग बघायची सोनोग्राफीच १८ ते २० आठवड्यांना होते, मग शंका आली की हृदयाची वेगळी तपासणी, मग दुसरं मत, यात दिवस कसे जातात ते त्या आईबापांना विचारा. पुण्यातली माणसं ससूनच्या बोर्डापुढे जातात, तिथे नाही जमलं तर मुंबईला हायकोर्टात, सातव्या महिन्याकडे झुकलेलं पोट घेऊन.

"नवऱ्याला, आईबापांना विचारायला नको"

यातलं अर्धं खरं आहे. नवऱ्याची संमती कायद्याला लागत नाही. पण ही २०२१ ची नवीन फॅशन नाही, १९७१ पासून असंच आहे! सज्ञान बाई असेल तर फक्त तिची स्वतःची सही. आईबापांचं म्हणाल तर मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागतेच लागते, शिवाय पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणंही आलं, त्यात २०२२ च्या निकालाने एवढीच मुभा दिली की मागणी केली तर डॉक्टर तिचं नाव त्यात न देता कळवू शकतात.

आता कागदावरचं सोडा, होतं काय ते सांगते. कित्येक ठिकाणी "मिस्टरांची सही घेऊन या" हे पहिलं वाक्य असतं. लग्न झालेलं नसेल तर आधी तोंडं बघतात, मग आईला घेऊन ये. काउंटरवर काय चालतं: संध्याकाळची गर्दी, एक माणूस बाजूला उभा राहून क्रोसीन घेतो, मग बाम घेतो, बाकीची गिऱ्हाईकं जायची वाट बघतो आणि मग हळूच विचारतो, "मॅडम, पाळी यायच्या गोळ्या असतात ना?" बायको रस्त्यापलीकडे स्कूटरपाशी, कडेवर पोरगं. किती दिवस झाले विचारलं तर "दोन महिने असतील नसतील". चिठ्ठी? नाही. सोनोग्राफी? नाही. मी देत नाही, डॉक्टरकडे पाठवते, आणि मला पक्कं माहीत असतं की तो पुढच्या चौकात विचारणार आहे. ही फॉरवर्डमधली मजा मारणारी मुलगी नाहीये हो, ही दोन पोरांची आई आहे, ऑपरेशनला सासू नको म्हणते, कॉपर टी ने कंबर दुखते असं कुणी सांगितलेलं, आणि नवरा निरोध वापरत नाही. पिशवी साफ करून घेणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूला आपल्याच घरातल्या असतात, फक्त कुणी तोंडाने सांगत नाही.

"म्हणूनच मुली कमी झाल्या"

हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. महाराष्ट्रात ० ते ६ वयात हजार मुलांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४. म्हैसाळला २०१७ मध्ये ओढ्याकाठी पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण सापडले ते कुठला मराठी माणूस विसरेल. पण ते नीट बघा ना. लिंगनिदानाला वेगळा कायदा आहे, १९९४ चा पीसीपीएनडीटी, आणि त्याच्याही आधी १९८८ मध्ये असा कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच. गर्भलिंग बघून पाडणं हे कधीच कायदेशीर नव्हतं. आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला अंधारात ठेवून बाईने एकटीने ठरवलं म्हणून मुली कमी झाल्या का? मशीन कुठे आहे ते कोण शोधतं, पैसे कोण देतं, गाडी कोण काढतं? अख्खं घर मिळून होतं ते. जिथे बाईचं चालत नाही तिथेच मुली कमी होतात, फॉरवर्डने बरोब्बर उलटं लावलंय.

यातला दुसरा घोळ म्हणजे गोळ्या. गर्भपाताच्या गोळ्यांचं किट ९ आठवड्यांपर्यंतच वापरायचं असतं, तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळतच नाही. तरीसुद्धा लिंगनिदानावरच्या धाडींच्या नावाखाली सगळा जाच या किटच्या हिशोबावर आला, महाराष्ट्रात बऱ्याच मेडिकलवाल्यांनी ते ठेवणंच बंद केलं, कोण इन्स्पेक्टरला रोज रजिस्टर दाखवत बसणार. मग माणसं ते कुठून आणतात ते विचारू नका.

"पुन्हा मूल होत नाही, कॅन्सर होतो"

कॅन्सरचं आधी. २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने शंभरावर तज्ज्ञ बसवून हे तपासलं, गर्भपाताने स्तनाचा कॅन्सर होत नाही. संपलं.

मूल न होण्याचं: नीट जागी, नीट हाताने, वेळेत केलं तर पुढे दिवस राहायला अडचण येत नाही. भोंदूकडे जाऊन इन्फेक्शन झालं तर नळ्या बंद होऊ शकतात, ते खरं. गोळ्या डॉक्टरशिवाय घेऊ नका हे मी घसा फोडून सांगते त्याचं कारण वेगळं आहे, गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्यांनी काही होत नाही, आणि नळी फुटली तर तासाभरात जीव जाऊ शकतो, सोनोग्राफी त्यासाठी. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१५ साली देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. बंदी घाला म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा, माणसं आत्ताच बाहेर आहेत.

"आपल्या संस्कृतीत हे कधीच नव्हतं"

पुण्यात बसून असं म्हणायला धाडस लागतं! १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी याच गावात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते हौस म्हणून? विधवा बाईला दिवस गेले की आड नाहीतर वैदूचं औषध, किंवा बाळ झाल्यावर त्याच्या नरड्याला नख, हे सोवळ्यातल्या घरांत चालत होतं म्हणूनच ना. कुणी म्हणेल फुल्यांनी गर्भ वाचवले, पाडले नाहीत. कबूल, अगदी कबूल. पण कसे वाचवले? बायकांना दरडावून नाही, पोलीस बोलावून नाही. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल ठेवायचं तर ठेवा नाहीतर आम्ही सांभाळतो. तशाच एका विधवेचा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कुणी असं दार उघडत असेल तर सांगा, मी स्वतः पाया पडेन.

अमेरिकेचं एका वाक्यात: तिथे जून २०२२ च्या निकालाने देशभर बंदी आली नाही, तर निर्णय राज्यांवर सोडला, काहींनी बंदी घातली, काहींनी उलट संरक्षण वाढवलं.

"हा खून आहे, अपवाद फक्त बलात्काराचा"

गर्भ म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाही, म्हणणाऱ्यांशी माझं पटतही नाही. तो जीव आहे, वाढत जातो तसं त्याचं वजन वाढत जातं, २०-२४ च्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. पण फॉरवर्डला स्वतःचंच म्हणणं पटलेलं नाहीये बघा. खून असेल तर बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा काय गुन्हा, त्याला का अपवाद? तो अपवाद करताना आपण मनात कबूल करतो की त्या बाईवर नऊ महिने लादणं हा अन्याय आहे. म्हणजे तिचं म्हणणं मोजायचं असतं हे मान्य आहे, फक्त ती 'निर्दोष' आहे की नाही ते आपण ठरवणार. मग हा वाद गर्भाचा राहिलाच नाही, तो तिच्या चारित्र्याचा झाला.

आणि कायद्यात 'खून' घातल्यावर डॉक्टर कसे वागतात त्याचं उदाहरण आपल्या शेजारच्या बेळगावच्या मुलीचं आहे. सविता हलप्पनवार, आयर्लंडमध्ये राहायची, स्वतः डेंटिस्ट, १७ आठवड्यांवर गर्भ टिकणार नाही हे नक्की झालेलं, तिने मोकळं करा म्हणून विनवलं, पण ठोके चालू आहेत म्हणून थांबले. इन्फेक्शन अंगात भिनलं आणि २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. उपचारातही चुका झाल्या होत्या, चौकशीत ते निघालं. पण जीव वाचवायला परवानगी त्या कायद्यातही होती, फक्त जीव नक्की केव्हा धोक्यात आला हे ठरवायला कुणी धजेना. २०१८ ला त्याच देशाने सार्वमत घेऊन ६६ टक्क्यांनी, गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारं घटनेतलं ते कलम काढून टाकलं. काकांना मी वेगळं पाठवलंय हे, सविताचं मात्र त्यांना आधीच माहीत होतं, म्हणाले "ती केस वेगळी". कशी वेगळी ते अजून सांगितलेलं नाही.