गरम ओले का गार ओले?

कपडे धुऊन सुकवणाऱ्या मशीनच्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला तर त्याने ना मॉडेल नंबर विचारला ना पत्ता, पहिलाच प्रश्न, "मॅडम, कपडे गरम ओले येतात का गार ओले?" मी गार. म्हणजे गार मी पडले, कपडे नाही. तीन आठवडे ते ओले कपडे मशीनमधून काढून खुर्च्यांच्या पाठींवर पसरतेय पण त्यांना ताप आहे का हे बघावं असं काही सुचलं नव्हतं. धावत जाऊन हात घातला, परत आले, म्हटलं, "गरम. इडलीपात्रातून काढल्यासारखे."

"मग हिटर चालू आहे. गार ओले असते तर हिटर नाहीतर थर्मोस्टॅट गेला म्हटलं असतं. येतो उद्या."

आता मागचं सांगते. आम्ही सिंहगड रोडला राहतो, आणि जुलैत आमच्या बाल्कनीत कपडे वाळत नाहीत, नुसते लटकतात. दोन पावसाळे फॅनखाली बनियनांची तोरणं बांधून आणि मुलांच्या युनिफॉर्मवर सकाळी सहाला इस्त्री फिरवून काढले, मग वैतागून वॉशर ड्रायर घेतला. धुणं, पिळणं, सुकवणं सगळं एकाच पोटात. मागच्या पावसाळ्यात झक्कास चाललं, यंदा मात्र साडेपाच तास घरघर करून बाहेर काय तर वाफाळता ओला टॉवेल, न्हाव्याकडे तोंडावर ठेवतात ना तसा.

नवरा हिंजवडीवाला. आधी मशीन बंद करून चालू केलं, मग पुन्हा तेच केलं, मग एक्सेल शीट काढली. वार, वजन, प्रोग्रॅम, स्पिन, निकाल. वजनाच्या काट्यावर स्वतः उभं राहून, मग कपडे घेऊन उभं राहून वजाबाकी. त्यातून पहिला शोध लागला की दारावरचे 8 किलो हे धुण्याचे आहेत, सुकवायला फक्त 5. हे स्टिकरवर लिहिलेलं होतं, मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात. कपड्यांना फिरायला जागा नसेल तर गरम हवा त्यांच्यातून जाणार कशी, ते मान्य, पण मग उरलेल्या 3 किलोंनी काय करायचं, नवस बोलायचा? दुसरा शोध, मुलीच्या कुर्त्यासाठी मी स्पिन 400 वर ठेवला होता तो तसाच राहिलेला. कमी पिळलेल्या कपड्यात पाणी जास्त उरतं आणि मग ते सगळं हिटरच्या गळ्यात. स्पिन 1200 केला, कपडे अर्धे केले. तरी ओलेच!

फक्त रविवारी सुकायचे. एक्सेलमध्ये दर रविवारी हिरवा चौकोन. नवऱ्याने थिअरी मांडली की रविवारी व्होल्टेज चांगलं असतं. शेजारच्या काकूंचं म्हणणं, मशीनवरून मीठमोहरी ओवाळून टाका.

तर सर्व्हिसवाला आला. वरचं झाकण काढलं, हवेच्या वाटेत बोटं घातली आणि चपलेच्या तळव्याएवढा करडा नमदा बाहेर काढला. वर्षभराच्या टॉवेलांचे तंतू, दाबून दाबून बसलेले. मला स्वयंपाकघरातली चिमणी कुणी पाहुण्यांसमोर उघडल्यासारखं झालं. मग प्लग काढून मीटर लावला, हिटर 35 ओहम. नवरा खूश, 230 चा वर्ग भागिले 35 म्हणजे दीड हजार वॉट, बारावीनंतर पहिल्यांदाच उपयोगी पडलं म्हणे. सगळं परत जोडलं, ड्राय लावलं, आणि त्या माणसाने मशीनच्या पाठीला कान लावला. आम्ही श्वास रोखून.

"पाण्याचा आवाज येत नाही."

"अहो सुकवायला लावलंय," मी म्हटलं.

"हो, पण ह्या मशीनला सुकवायला पाणी लागतं."

मला वाटलं चेष्टा करतोय. तर म्हणे, "आमटीवर झाकण ठेवता ना? आतून थेंब धरतात. तसंच." कपड्यातून निघालेली वाफ मागच्या नळीत जाते, तिथे गार पाण्याची बारीक धार सोडलेली असते, वाफेचं तिथे पाणी होतं आणि पंप ते बाहेर टाकतो. धारच नसेल तर वाफ जाणार कुठे, परत कपड्यात. आतल्या आत तुर्कीश बाथ. सगळ्या मशीनचं असं नसतं, पण आमच्याचं आहे.

आणि मागे नळ बंद.

"तो मी बंद करतो," हॉलमधून बाबा. पेपर खाली न करता. "धुणं झालं की लगेच. कुणाचं लक्ष नसतं ह्या घरात."

सासरे जूनमध्ये राहायला आले, पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला म्हणून. दर रविवारी सकाळीच आत्यांकडे जातात ते संध्याकाळी येतात. नवऱ्याने एक्सेलकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. पाच रकाने होते, बाबा घरी आहेत का हा रकानाच नव्हता.

त्यांना बोलणार तरी काय. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते आठ वर्षांचे, नळ कोरडे पडल्यावर कळशी घेऊन वाड्यांच्या विहिरींवर रांगेत उभं राहिलेले. गुरुवारी पाणी बंद म्हटलं की अजून बुधवारी रात्री पातेलीसुद्धा भरून ठेवतात. त्यांना मी समजावलं, की बाबा, सुकवायला पाणी लागतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "दोरीला नाही लागायचं."

सर्व्हिसवाला व्हिजिट चार्ज घेऊन गेला. जाताना सांगून गेला की सांडपाण्याच्या पाइपचं तोंड खाली सोडू नका, नाहीतर मशीनमधलं पाणी आपोआप निघून जाईल. हे बाबांनी नेमकं ऐकलं. आता नळ चालू असतो, कपडे कडकडीत सुकतात, आणि ड्राय लागलं की बाबा मशीनशेजारी उंच स्टुलावर बादली, तिच्यात पाइप आणि मांडीवर शब्दकोडं घेऊन बसतात. पाच किलोला तीन बादल्या आणि एक तांब्या निघतो, मोजलंय त्यांनी. एक संडासात, एक फरशीला. तिसरी ठेवायला जागा नसते आणि ओतून द्यायला हात होत नाही.

काल धो धो पाऊस होता. बाल्कनीत बाबा, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने कुंड्यांना पाणी घालत होते.