एचटी ब्लॉकच्या सात ‘खात्रीच्या’ खुणा आणि माझ्या भाच्याचे गेलेले पैसे

रविवारी सकाळी भाचा आला तो पाठीवरच्या सॅकमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ब्लॉक, म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनाचे सिलिंडर, घेऊन. सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवले. “मामा, एचटी मिळाले. ओरिजिनल जोडी.” किती दिले विचारलं तर त्याने आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही, कारण त्याची आई हे वाचते. “एचटी कशावरून?” म्हटलं, तर त्याने मोबाईल पुढे केला. ‘राजदूत ३५०चा ओरिजिनल एचटी ब्लॉक ओळखण्याच्या ७ खात्रीच्या खुणा.’ हाच मजकूर गेल्या महिन्यात मला तिघांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी हसून सोडून दिला होता. चूक झाली. तेव्हाच लिहायला हवं होतं.

ज्यांना हे एचटी-एलटी प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यामाहाची आरडी ३५० ही मोटरसायकल एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली ‘राजदूत ३५०’ म्हणून आपल्याकडे आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं इंजिन, सहा गिअर. आधीच्या गाड्या एचटी, म्हणजे हाय टॉर्क. ही गाडी पेट्रोल पिते अशी बोंब झाल्यावर १९८५च्या सुमारास आणखी मवाळ केलेली एलटी, म्हणजे लो टॉर्क, आली. गाडी बंद होऊन तीस वर्षं उलटली, पण ‘एचटी’ या दोन अक्षरांचा भाव चढतोच आहे. आणि ज्याला भाव असतो त्याच्या खुणा सांगणारेही आपोआप उगवतात.

पहिली खूण म्हणे इंजिन नंबर. नंबर अमुक मालिकेतला असेल तर ब्लॉक एचटीच. अहो, इंजिन नंबर ठोकलेला असतो क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर. ब्लॉक त्या केसवर उभ्या स्टडमध्ये वरून ओवलेला असतो. एकेका सिलिंडरला चार नट. ते सोडले की हेड, म्हणजे वरचं झाकण, निघतं, हेडखालचा ब्लॉक निघतो. बसल्या जागी तासाभराचं काम. चाळीस वर्षांत एका केसवर किती ब्लॉक चढले-उतरले याची नोंद ना आरसी बुकात असते ना मालकाच्या डोक्यात. अर्धं खरं एवढंच, की नंबरावरून आणि आरसीवरच्या वर्षावरून *गाडी* कारखान्यातून कोणत्या काळात निघाली ते कळतं. सगळी गाडी घेणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण माझ्या भाच्याने नुसते ब्लॉक घेतलेत. विकणाऱ्याने त्याला कुठल्याशा केसवरच्या नंबराचा फोटो दाखवला आणि याने मान डोलावली. उसाच्या मोळीबरोबर सातबाराचा फोटो दिल्यासारखं झालं हे.

दुसरी खूण वाचून मात्र मला चहा ठसकला. ‘एचटी ब्लॉक शंभर टक्के ॲल्युमिनियमचा असतो, त्याला चुंबक चिकटत नाही. एलटीत लोखंड मिसळलेलं असतं, त्याला चिकटतो.’

मी उठलो, फ्रिजवरचा कोल्हापूरच्या अंबाबाईचा चुंबक काढला आणि भाच्याच्या हातात दिला. फिन्सना, म्हणजे बाहेरच्या पात्यांना, लाव. नाही चिकटला. आता आत, जिथे पिस्टन वरखाली होतो तिथे लाव. टक्कन चिकटला. मग गॅरेजमधून माझा एलटी ब्लॉक आणला. आमच्या घरी त्यात दोन वर्षं पेनं उभी ठेवलेली असायची, त्यामुळे तो एलटी आहे याची घरात सगळ्यांना खात्री आहे. फिन्सना नाही चिकटला, आत टक्कन चिकटला. कसा वेगळा चिकटेल? या दोन्ही इंजिनांचं बाहेरचं अंग ॲल्युमिनियमचं आणि आतली स्लीव्ह, म्हणजे पिस्टनभोवतीची नळी, बिडाची असते. ॲल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकतं आणि बीड पिस्टनवरच्या रिंगांचं घासणं सोसतं. नुसत्या उघड्या ॲल्युमिनियमवर या रिंगा चालवल्या तर पहिल्या चढालाच इंजिन धरेल, म्हणजे जाम होईल. चुंबकाने इथे एकच गोष्ट कळते, ती म्हणजे स्लीव्ह जागेवर आहे.

तिसरी: ‘एचटीला रीड व्हॉल्व्ह, एलटीला नाही.’ दोन्हींना आहे. कार्बोरेटर सोडून मागे डोकावलं तर पातळ पट्ट्यांचा पिंजरा दिसतो; आत गेलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण परत फिरू न देणारी झडप ती. यामाहाच्या आधीच्या आर-५ मॉडेलला तो नव्हता, आरडीला आला. लिहिणाऱ्याने ती गोष्ट उचलून इथे चिकटवलेली दिसते.

चौथी, ‘किक जड तो एचटी’. किक जड लागते ती रिंगा ताज्या असल्या, बोअर नुकताच झालेला, म्हणजे सिलिंडरचं झिजलेलं भोक नव्याने कोरलेलं असलं तर. झिजलेला एचटी पायाखाली लोण्यासारखा जातो आणि कालच बोअर केलेला एलटी पोटरी दुखवतो. पाचवी खूण काळ्या रंगाची आणि सुट्या भागांवरच्या ‘जपान’ या अक्षरांची. रंगाचा डबा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सुरुवातीच्या गाड्यांत जपानी भाग जास्त होते हे मान्य; पण मिकुनीचा कार्बोरेटर जपानी आहे म्हणून त्याच्या पुढचा ब्लॉक एचटी होत नाही. कार्बोरेटर दोन क्लॅम्पांवर बसतो. पुढे चला.

सहावी खूण म्हणजे शुद्ध बढाई आहे: ‘एचटी ३९ हॉर्सपॉवर देतो, कारण तो रेसचा ब्लॉक आहे. एलटी त्याच्या निम्माही नाही.’ या एका मुद्द्यावर भावनेत जायची गरज नाही, कंपनीचे आकडे छापलेले आहेत. एचटीला ६,७५० आरपीएमवर ३०.५ बीएचपी आणि एलटीला ६,५०० आरपीएमवर २७. फरक साडेतीनचा, म्हणजे बारा टक्क्यांच्या आत. ३९चा आकडा जपानी आरडी ३५०चा आहे. तीच गाडी, जिला पुढे डिस्क ब्रेक होता आणि आपल्याला ड्रम मिळाला. थोडक्यात, ज्याला आपण ‘ओरिजिनल’ म्हणून डोक्यावर घेतो तो एचटीसुद्धा आधीच पाणी घालून पातळ केलेला होता. सायलेन्सर आवळलेले होते, ते आपल्या पेट्रोलच्या हिशोबाने.

रेसच्या रक्ताबद्दल नाइलाजाने अर्धी मान हलवतो. यामाहाच्या टीझेड ३५० या खऱ्याखुऱ्या रेसिंग गाडीचा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ६४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५४ मिमी होता, आणि आरडीचाही तेवढाच आहे. ऐकायला छान वाटतं. पण ६४ गुणिले ५४ हे एलटीचंही माप आहे! मग एलटीलाही रेसचा म्हणा. टीझेडचं इंजिन पाण्यावर थंड होणारं, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या, मिश्रण आत येण्याच्या आणि धूर म्हणजे एक्झॉस्ट बाहेर जाण्याच्या खिडक्या) वेगळे, सायलेन्सरची पोटं वेगळी. टू-स्ट्रोकचा सगळा स्वभाव तिथेच ठरतो. पोर्ट किती उंच, किती रुंद आणि सायलेन्सरचा घाट कसा यावर. बोअर-स्ट्रोक सारखे असूनही एक गाडी दूध घालायला जाते आणि दुसरी ट्रॅकवर.

आणि म्हणूनच सातव्या खुणेला माझी खरी हरकत आहे. ती खूण नाहीच, सल्ला आहे. ‘ब्लॉक एलटी निघाला तरी काळजी नको. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड ३ मिमी घासून घ्या, घरच्या घरी एचटी.’ बाकी सहांनी पैसे जातात. याने इंजिन जातं, आणि घाटात गेलं तर माणूसही.

३ मिमी म्हणजे काय होतं ते बघा. एक्झॉस्ट पोर्ट उघडतो तेव्हा पिस्टन जवळजवळ सर्वात वेगात असतो. ५४च्या स्ट्रोकला तिथे क्रँकच्या एका अंशात पिस्टन अर्ध्या मिमीपेक्षा थोडा कमी सरकतो. म्हणजे कड १ मिमी वर नेली की पोर्ट दोनेक अंश आधी उघडतो आणि वर येताना दोनेक अंश उशिरा बंद होतो. एकूण चार. ३ मिमीला बारा-तेरा अंश. एवढ्याने ताकद सगळी वरच्या आरपीएमला पळते आणि खाली काही उरत नाही. सिग्नलवरून गाडी निघताना म्हशीसारखी बसते. पोर्ट उशिरा बंद होतो म्हणून दाबायला उरलेला स्ट्रोकही आखूड होतो. कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) आणि सायलेन्सर तेच ठेवले तर हिशोब आणखी बिघडतो. हे एचटी करणं नव्हे.

पण खरा धोका कडेचा आहे. टू-स्ट्रोकच्या पिस्टनची रिंग दर फेऱ्याला त्या उघड्या खिडकीवरून जाते. जाताना ती किंचित बाहेर फुगते आणि पुढच्या कडेवरून परत आत दबते. म्हणून खिडकीच्या कडेला चॅम्फर, म्हणजे धार मारून दिलेला उतार, लागतो. बोट फिरवलं तर बोचता कामा नये. खाचेत रिंगेसाठी बारीक पिन असते तीही याचसाठी, रिंगेची टोकं फिरून खिडकीसमोर येऊ नयेत म्हणून. कारखान्याने एवढी काळजी घेतलेली असते आणि आपण तिथे कानस घालतो, कड सुरीसारखी सोडतो, वर खिडकी रुंदही करतो.

मी हे स्वतः केलंय, म्हणून बोलतोय. बाविसाव्या वर्षी, मित्राच्या गाडीवर, गोल कानशीने आणि प्रचंड आत्मविश्वासाने. गाडी दोन दिवस पळाली, नाही असं नाही. वर सात हजाराला असा काही आवाज काढायची की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी कात्रजच्या चढाला एक ‘टिक’ आवाज झाला आणि मागचं चाक जाम. मित्राने क्लच दाबला म्हणून आम्ही दोघे आज जेवतोय. हेड काढलं तर पिस्टनच्या पुढच्या बाजूची कड उंदराने कुरतडल्यासारखी, रिंगेचा तुकडा गायब, स्लीव्हवर उभा ओरखडा. रिंगेचे आणि ॲल्युमिनियमचे कण खाली क्रँकमध्ये उतरलेले, म्हणजे बेअरिंगसकट अख्खा क्रँक बाहेर. एका कडेवर पाच मिनिटं पॉलिश पेपर फिरवला असता तर. त्या मित्राने पुढे चारचाकी घेतली आणि मला अजून बॉनेट उघडू देत नाही.

पोर्टिंग करणारे कसबी लोक आहेत, कोल्हापुरात आहेत, पुण्यात आहेत. ते मापं घेतात, दोन्ही सिलिंडर एका मापात ठेवतात, जेट बदलतात, सायलेन्सर त्याला साजेसा लावतात. त्यांच्या कामाला माझं काही म्हणणं नाही. फॉरवर्डात यातलं एक अक्षर नाही. ‘घासून घ्या’ एवढंच.

मग ब्लॉक बघायचा कसा? उघडून. दुसरा रस्ता नाही. ६४ मिमीच्या बोअरचा घेर २०१ मिमी होतो. तेवढी कागदाची पट्टी कापायची, आत गोल बसवायची, वरची कड ब्लॉकच्या माथ्याशी जुळवायची आणि तेलकट अंगठ्याने प्रत्येक खिडकीवरून दाबत फिरायचं. खिडक्यांच्या कडा कागदावर उठतात. पट्टी बाहेर काढून सरळ केली की पोर्टांचा नकाशा हातात. माथ्यापासून एक्झॉस्टच्या वरच्या कडेपर्यंत व्हर्निअर लावायचा, रुंदी मोजायची आणि ज्या ब्लॉकची खात्री आहे त्याच्या पट्टीवर ती धरायची.

आम्ही तेच केलं. भाच्याच्या दोन्ही ब्लॉकच्या पट्ट्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या. माझ्या ब्लॉकशी ताडून बघायची वेळच आली नाही, कारण त्या दोघी एकमेकींशीच जुळेनात. डाव्याची एक्झॉस्टची कड उजव्यापेक्षा दीड मिमी वर, आणि तीही सरळ नाही, एका बाजूला चढत गेलेली. आत बोट घातल्यावर बोचली. कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी अशाच शहाण्याचं ऐकून कानस चालवली होती. एकच ब्लॉक घासून कंटाळला असावा. आता हा जन्माने एचटी होता की एलटी, हा प्रश्न विचारून काय करायचं?

ब्लॉकबरोबर आलेले पिस्टन भाच्याने अजून पुसलेही नव्हते. मी पिस्टनच्या माथ्यावरच्या बाणाच्या बाजूचं काजळ पेट्रोलच्या बोळ्याने पुसलं आणि खाली शिक्का दिसला: १.००. या इंजिनाचे ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून मोठे, पिस्टन पाव-पाव मिमीने चढत जातात आणि १.००ला संपतात. म्हणजे ६४चा बोअर ६५ झालाय, पुढे बोअर मारायला जागा नाही. आता नवी स्लीव्ह ओतवून आणायची, बसवायची, तिच्यात सगळ्या खिडक्या नव्याने काढायच्या. सात खुणांच्या त्या यादीत ओव्हरसाइजचा शब्दही नाही. जुना ब्लॉक हातात घेतल्यावर विचारायचा पहिला प्रश्न खरं तर तोच.

भाचा बराच वेळ ते दोन कागद काचेवर धरून बसला होता. मग त्याने विकणाऱ्याला फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावला, तेव्हा समोरून मेसेज आला: ‘भाऊ, चुंबक लावून बघितला का?’