सात रात्रींचे कपडे आणि हातातली पिशवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

मायामीहून निघणाऱ्या सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझसाठी सामान कसे भरावे, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे म्हणणे थोडक्यात असे, की साऱ्या प्रवासाला दिवसा घालायचे चार जोड कपडे पुरतात हा माझा हिशेब सडाफटिंग तरुणांचा असून सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना घेऊन निघणाऱ्या सुनेला तो लागू पडत नाही. घरचा खाऊ नेऊ नका असे सांगणे सोपे असले तरी मधुमेही माणसाचे त्यावाचून भागत नाही. आणि लष्करी छापाचे कपडे नेऊ नयेत ही सूचना तर वाचकांना विनाकारण घाबरवणारी आहे. यातले काही मला मान्य आहे, काही मुळीच मान्य नाही.

कपड्यांच्या हिशेबात तुम्ही मला बरोबर पकडलेत. न्हाणीघरात रात्री दोन कपडे खळबळून टाकले की सकाळपर्यंत ते वाळतात, असे मी गृहीत धरले होते, कारण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे माझेच कृत्रिम धाग्याचे हलके कपडे होते. प्रत्यक्षात केबिनच्या त्या न्हाणीघरात एक माणूस कसाबसा वळू शकतो, खिडकी नसते, आणि वाळत घालायला शॉवरच्या एका भिंतीतून ओढून समोरच्या खाचेत अडकवायची एक बारीक दोरी तेवढी असते. बाबांची सुती बंडी त्या दोरीवर दोन रात्री लटकत होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळीही शिवणीपाशी ओलसर लागत होती. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे टाकायला मनाई असते आणि ती योग्यच आहे. जहाज २० नॉट वेगाने चालले असेल, तर हवा अगदी पडलेली असली तरी उघड्या डेकवर ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा वारा लागतोच. काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुण्याची यंत्रे असतात, काहींवर नसतात, आणि नसतात तिथे धुलाईचे वेगळे पैसे मोजावे लागतात. तेव्हा सुती कपडे वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी रोजचा एक जोड आणि वर दोन, अशी दुरुस्ती मी लेखात केली आहे. पोहण्याचे कपडे मात्र माणशी दोन पुरेत, एक अंगावर आणि एक वाळत.

तरीही तुमच्या प्रतिक्रियेतला मुख्य सूर मला पटला नाही. तुम्ही संपूर्ण हिशेब मोठ्या बॅगेचा मांडला आहे, आणि माझ्या मूळ लेखातही तोच दोष होता, म्हणून इथे जरा विस्ताराने लिहिते. बंदरावर पोहोचल्याबरोबर मोठ्या बॅगा केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावून हमालाच्या स्वाधीन करायच्या असतात. त्या एक्स-रे तपासणीतून जातात आणि दुपारनंतर, कधी कधी रात्रीच्या जेवणाच्या सुमारास, केबिनच्या दाराशी येतात. शेवटच्या रात्री याच्या उलट घडते: झोपण्यापूर्वी बॅगा बाहेरच्या बोळात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजातून उतरल्यावर चिठ्ठीच्या रंगावरून शोधून घ्यायच्या. म्हणजे प्रवासाच्या सुरुवातीचे पाच-सहा तास आणि शेवटचे दहा-बारा तास ती बॅग तुमच्याजवळ नसतेच. ज्येष्ठांना घेऊन निघणाऱ्या माणसाने खरा विचार करायचा, तो या तासांत हातातल्या पिशवीत काय असेल याचा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. सांगलीहून आलेल्या आईने, चहाचे हाल होऊ नयेत म्हणून, पाणी तापवायची छोटी विजेची किटली साड्यांच्या घडीत गुंडाळून ठेवली होती आणि मीही तिच्याशेजारी एक एक्स्टेन्शन बोर्ड सरकवला होता. किटली, इस्त्री, मेणबत्त्या, एक्स्टेन्शन बोर्ड या वस्तू बहुतेक क्रूझ कंपन्यांच्या मनाईच्या यादीत असतात, आणि त्यामागे केवळ खोड काढण्याची वृत्ती नाही. जहाजावर आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. त्यातून तिथली वीजजोडणी घरच्यासारखी नसते, दोन्ही तारांत विजेचा दाब असतो, त्यामुळे घरगुती सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा बोर्ड) तापून पेटण्याचा धोका असतो, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये तशी सूचनाही काढली होती. आमची बॅग अर्थातच अडकली. रात्रीचे नऊ वाजत आले तरी ती येईना, आणि बाबांच्या रक्तदाबाच्या संध्याकाळच्या गोळ्या तिच्यातच होत्या. शेवटी खालच्या मजल्यावरच्या सुरक्षा कक्षासमोर, आपापल्या इस्त्र्यांच्या प्रतीक्षेत उभ्या असलेल्या आठ-दहा कुटुंबांच्या रांगेत मी उभी राहिले. बॅग मिळाली, किटली प्रवास संपल्यावर परत मिळाली, आणि चूक पूर्णपणे आमची होती.

म्हणून सांगते, सर्व औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्याच पिशवीत ठेवा. तुमच्या सासूबाई इन्सुलिन घेतात असे तुम्ही लिहिले आहे. केबिनमधला छोटा फ्रिज बहुधा पेये गार ठेवण्यापुरताच असतो, पुरेसा थंड होईलच असे नाही. त्यामुळे इन्सुलिनसाठी योग्य फ्रिज आणि वापरलेल्या सुया टाकण्याचा डबा या दोन्हींची मागणी आरक्षणानंतर लगेच नोंदवून ठेवावी. बोट लागू नये म्हणून घ्यायची अॅव्होमिनसारखी गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, ती आधी घ्यावी लागते आणि झोप आणते, तेव्हा सत्तरीपुढच्या माणसाने ती घ्यावी की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. पहिल्या दुपारी पोहायचे असेल तर ते कपडेही याच पिशवीत हवेत. सॅनिटायझरच्या मोठ्या बाटल्या न्याव्यात, असे तुम्ही सुचवले आहे. जहाजांवर उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या ज्या नोरोव्हायरसची धास्ती असते, त्याच्यावर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही, साबण आणि वाहते पाणीच लागते, त्यामुळे ते वजन तुम्ही खुशाल वाचवा.

शेवटच्या रात्रीची गोष्टही सांगूनच टाकते. उद्या नेसायची साडी आईने खुर्चीवर काढून ठेवली, ब्लाउज काढून ठेवले, पिना काढून ठेवल्या, आणि परकर मात्र बॅगेबरोबर बोळात गेला. पहाटे हे लक्षात आले तेव्हा बोळ रिकामा होता. आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून, तोही माझा, ती मायामी बंदरावर उतरली आणि कस्टम्सच्या रांगेत सतत ओढणी सारखी करत राहिली. तेव्हापासून मी बॅगा बाहेर ठेवण्याआधी प्रत्येकाचा दुसऱ्या दिवशीचा वेष पायापासून डोक्यापर्यंत पलंगावर मांडून बघते.

खाऊच्या बाबतीत मी सरसकट नको म्हटले, ते चुकले. कारखान्यात बंद केलेली, न फोडलेली पाकिटे बहुतेक जहाजांवर चालतात. घरी केलेले पदार्थ साधारणतः चालत नाहीत. आईचा डिंकाच्या लाडवांचा डबा सांगलीहून अटलांटापर्यंत सुखरूप आला होता, पण बंदरावरच्या तपासणीपलीकडे जाणार नाही हे कळल्यावर आम्ही पाच जणांनी टर्मिनलबाहेरच्या बाकावर बसून, मायामीच्या उन्हात, तो जमेल तेवढा संपवला. मधुमेही माणसासाठी पाकीटबंद बिस्किटे आणि भाजलेले चणे जवळ असलेच पाहिजेत, हे तुमचे म्हणणे मी मान्य करते, आणि त्याला एक कारण जोडते: ग्रँड केमन बेटावरच्या जॉर्ज टाउन बंदराला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत, नांगर टाकून उभी राहतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्या बोटींच्या रांगेत जेवणाची वेळ सहज टळते. मात्र जहाजावरचे केळे किंवा सफरचंद खिशात घालून कोणत्याही बंदरावर उतरू नका. ताजी फळे उतरवायला मनाई असते, आणि मायामीला परतताना तर हमखास विचारणा होते.

लष्करी छापाच्या कपड्यांविषयी मी माघार घेणार नाही. जमैकात असे कपडे सामान्य नागरिकांनी घालणे कायद्याने निषिद्ध आहे, बार्बाडोस आणि सेंट लुशियातही तसेच आहे. माझ्या मुलाची हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची टोपी मी घरीच काढून ठेवली, याचा त्याला राग आला होता, तो आपल्या जागी योग्यच होता. पण वाचकाला आधी सांगितले तर ते घाबरवणे कसे होते, हे मला समजले नाही.

सनस्क्रीन कोणते, असे तुम्ही विचारले आहे. प्रवाळाला अपायकारक मानलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायने नसलेले, झिंक ऑक्साइडवर आधारलेले घ्या. हवाईमध्ये २०२१ पासून या दोन रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री बंद आहे, अमेरिकी व्हर्जिन बेटांनी त्याआधीच, २०२० मध्ये, बंदी आणली. मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटाच्या प्रवाळांत पोहायला नेणारे अनेक जण तर सनस्क्रीन लावूच नका म्हणतात, म्हणून लांब बाह्यांचा, पोहण्याच्या कापडाचा सदरा मला सर्वांत उपयोगी वाटतो. तलावात साडी-सलवार चालत नाही, परंतु घोट्यापर्यंत तुमान आणि मनगटापर्यंत बाह्या असलेला पोहण्याचा वेष आता सहज मिळतो, आणि तो सासूबाईंनाही संकोच न वाटता घालता येईल. जमैकातला डन्स रिव्हरचा धबधबा चढायचा असेल, तर रबरी तळाचे, पायाला घट्ट बसणारे जोडे हवेत. सुमारे १८० मीटर लांबीच्या त्या ओल्या खडकांवर चपला निरुपयोगी ठरतात. सासूबाईंना चढायची गरज नाही, कडेने पायऱ्या आहेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, औपचारिक जेवणाच्या रात्री नऊवारी शोभेल का. नक्की शोभेल, अशा रात्री स्वतःच्या देशाचा पारंपरिक पोशाख मान्य असतो, आणि आमच्या टेबलावर आईच्या इरकलीपुढे माझा महागाचा गाऊन कोणी पाहिलादेखील नाही. भोजनगृह आणि नाट्यगृह दोन्हींकडे वातानुकूलन इतके कडक असते, की बाहेर ३० अंश असले तरी शाल लागतेच, ती हातात ठेवा. आणि पदराला नेहमीपेक्षा दोन पिना जास्त लावा, कारण जेवण झाल्यावर सासूबाई चांदणे बघायला उघड्या डेकवर चला म्हणतील, आणि तिथे तो ३७ किलोमीटरचा वारा असेल.