प्रदर्शनातली साडी आणि ‘तिथे कायदा चालत नाही’ हा खोटा मेसेज

18 दिवसांपूर्वी मावशीने मंगल कार्यालयात भरलेल्या सिल्क प्रदर्शनातून साडेआठ हजारांची साडी घेतली. बिलावर ‘प्युअर सिल्क’ असं स्वच्छ लिहिलंय. घरी येऊन निऱ्यांच्या टोकाचे दोन धागे ओढून जाळले, तर वितळून त्यांची कडक गुठळी झाली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. गुठळी होते ती पॉलिएस्टरची. मी म्हटलं, तक्रार करू. तर ती म्हणाली, “काही उपयोग नाही गं, हे वाच,” आणि भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज माझ्यापुढे धरला.

मेसेज म्हणतो : प्रदर्शन म्हणजे दुकान नव्हे, त्यामुळे ग्राहक कायदा लागत नाही. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं की विषय संपला. विक्रेता परराज्यातला असेल तर तक्रार त्याच्याच गावी जाऊन करायची. शिवाय वकील लागतो, साडीपेक्षा त्याची फी जास्त.

दुकानाचं आधी उरकते. 20 जुलै 2020 पासून लागू झालेला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा ‘ग्राहक’ ठरवताना विचारतो ते एवढंच की पैसे मोजून वस्तू घेतली का, आणि ती पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी तर घेतली नाही ना. दुकानात, ऑनलाइन की मांडवात, याने फरक पडत नाही.

बिलावरच्या त्या ओळीची मात्र लोकांना उगाच धास्ती वाटते. याच कायद्याचं कलम 2(47) अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगतं. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं त्यात आहे. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. ‘परत घेणार नाही’ ही काही मुदत नव्हे. बिलच न देणं हीसुद्धा त्याच यादीतली प्रथा आहे. आणि ‘सदोष’ म्हणजे फक्त फाटकं नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला, त्यात उणीव निघाली तर तो कायद्याने दोषच. सिल्क सांगून पॉलिएस्टर दिलं, आणखी काय हवं?

एक गोष्ट मान्य करावी लागते. घरी येऊन रंग आवडला नाही, सुनेला पसंत पडली नाही, एवढ्यासाठी प्रदर्शनातली वस्तू परत करण्याचा हक्क आपल्याकडे नाही. तिथे विक्रेत्याची मर्जी. मेसेजने हे अर्धं खरं उचललं आणि फसवणुकीलाही लावून टाकलं.

पण मावशी खचली ती ‘त्याच्या गावी’ या मुद्द्याने. बिलावर सुरतचा पत्ता आहे. “आता सुरतला कोण जाणार?” असं म्हणून तिने साडी कपाटात टाकली, आणि तो मेसेज लिहिणाऱ्यावर माझा खरा राग याचसाठी आहे. कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 1986 च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती, हे खरं. पण तेव्हाही जिथे व्यवहार झाला तिथे तक्रार चालायची. म्हणजे सुरत गाठायची वेळ मावशीवर तेव्हाही आली नसती!

वकील सक्तीचा नाही. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो आणि मुदत 2 वर्षांची आहे. कापडाबद्दल वाद निघाला तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून साडी जपून ठेवायची, आणखी धागे जाळायचे नाहीत.

खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. पाच दिवसांत स्टॉल उठतो, फोन बंद होतो, मग नोटीस पाठवायची कुठे? त्यासाठी बिलावरचा जीएसटी क्रमांक बघा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणीतलं नाव आणि पत्ता समोर येतो. यूपीआयने पैसे दिले असतील तर ते कोणाच्या नावावर गेले तेही मोबाइलमध्ये असतं. स्टॉलचा, पाटीचा फोटो पैसे देण्याआधीच काढून ठेवावा.

मावशीच्या बिलावरचा क्रमांक मी तपासला, पत्ता निघाला. स्पीड पोस्टाने पाठवायचं पत्र लिहून झालंय, तिची सही तेवढी बाकी आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर उद्या सकाळी तिलाच बोलायला लावणार आहे. 30 दिवसांतले 12 अजून हातात आहेत.