स्टिकर नकोत, डावा हात बघा
मुलांना पियानोचे सूर कागदावरून वाचायला शिकवण्यावरचा लेख चांगलाय, पण पट्ट्यांवर सी-डी-ई अशी सुरांच्या नावांची स्टिकर लावायचा सल्ला काही पटला नाही. स्टिकर लावलं की मूल पट्टी वाचतं, कागदाकडे बघतच नाही. त्यापेक्षा तीन खुणा पक्क्या करून घ्याव्यात. सूर लिहायच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पंचरेषांच्या (पाच रेषांच्या संचांच्या) मधोमध स्वतःची छोटी रेघ घेऊन बसलेला मिडल सी, ट्रेबल क्लेफचं, म्हणजे वरच्या पंचरेषेच्या सुरुवातीच्या खुणेचं, वेटोळं ज्या रेषेभोवती फिरतं तो जी आणि बास क्लेफच्या, म्हणजे खालच्या, सहसा डाव्या हाताच्या पंचरेषेच्या खुणेच्या, दोन ठिपक्यांमधल्या रेषेवरचा एफ. पुढचं सगळं अंतरावर. रेषेवरून लगतच्या मोकळ्या जागेत गेलात की शेजारची पांढरी, पुढच्या रेषेवर गेलात की मधली एक सोडून.

आपल्या पुण्यात पियानोला येणारे बरेच जण आधी पेटी शिकलेले असतात. मी कोथरूडला शिकवते, रोज बघते. उजवा हात झकास पळतो, 'काळी दोन, पांढरी पाच' तोंडपाठ. पण डाव्या हाताने आजवर फक्त भाता मारलेला, त्यामुळे बास क्लेफ आला की गाडी अडते. शिवाय सा गायकाप्रमाणे सरकवायची सवय, आणि इथे कागदावरचा सी जागचा हलत नाही! अशांना मी आधी डावा हातच देते: करंगळी त्या एफवर, अंगठा मिडल सीवर, मधल्या बोटांना जी, ए, बी. पाच बोटं, पाच सूर. बोटांकडे बघायचं नाही, हवं तर वर वही धरा.

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेडला साइट रीडिंग (आधी न पाहिलेलं कागदावरून वाचून वाजवणं) पहिल्या ग्रेडपासून असतं, तेव्हा पालकांनी हे परीक्षेच्या महिन्यावर ढकलू नये.