काकांचा धपाटा

आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या माझी ओळख ‘ज्याचा कॉम्प्युटर काकांनी एका धपाट्यात चालू केला, तो’ अशी आहे. काल लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “काय, आता बरं आहे ना?” मी म्हटलं, “हो, खोकला तेवढा आहे थोडा.” तर म्हणाल्या, “तुमचं नाही हो, कॉम्प्युटरचं.”

पंचवीस वर्षं मी पुण्यात सदाशिव पेठेत डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायची कामं करतोय. लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि गणपती उठले की दिवाळी अंक. मराठी माणूस १९०९ पासून दिवाळी अंक काढतोय, आणि माझा असा अंदाज आहे की तेव्हापासून आजतागायत एकाही संपादकाने मजकूर वेळेवर दिलेला नाही. यंदाही ९६ पानांतली चाळीस लागली होती आणि उरलेली ‘उद्या नक्की’ या अवस्थेत होती. त्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे, ते कंपोझिंगच्या स्टिकची पूजा करायचे. मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची करतो. पुसून घेतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, सढळ हाताने अक्षता वाहिल्या, पेढा ठेवला. दसऱ्याला आपट्याचं पान. शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला सकाळी नमस्कार करून बटण दाबलं. पंखा फिरला, निळा दिवा लागला, मी चहाचा कप उचलला, आणि सगळं गप्प. मोजून चार सेकंदं.

पुन्हा दाबलं. काही नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून लावला. पुन्हा चार सेकंदं, पुन्हा गप्प. बटण जरा आत गेल्यासारखं वाटलं खरं. पण बारा वर्षं रोज दाबलेलं बटण आहे, आत जायचंच. माझेही गाल गेलेत.

आता यावर ‘लॅपटॉप का नाही घेत?’ असं कुणीतरी विचारणारच, तर ते आधी उरकून टाकतो. माझं निम्मं जुनं काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे मशीनला खोचायची किल्ली लागते, आणि तो डोंगल या मशीनच्या पाठीत जुन्या जावयासारखा रुतून बसलाय. जुन्या फाँटातला मजकूर दुसरीकडे उघडला की ‘शुभ दीपावली’च्या जागी एखादा फ्रेंच माणूस शिंकल्यासारखी अक्षरं येतात. सगळीकडे सारखीच दिसणारी युनिकोड अक्षरं आली, सगळं सोपं झालं म्हणतात. झालं असेल. पण माझं गिऱ्हाईक दरवर्षी येऊन म्हणतं, “मागच्या वर्षीचीच फाइल घ्या हो, नुसती तारीख बदला.” ती मागच्या वर्षीची फाइल खरं तर २००१ची असते. आणि बॅकअप? होता. गणपतीतला.

मी कॅबिनेट उघडलं. आत धुळीची दुलई आणि त्यात पायांवर पाय ठेवून शांतपणे निजलेलं एक कैलासवासी झुरळ. रॅम काढली, मुलीचं खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी दातांवर घासलं. भारतातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एकदा तरी ही मात्रा मिळालेली असते आणि दहातल्या सहांना ती लागू पडते. माझा उरलेल्या चारांतला. बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल, तो सीआर २०३२ नावाचा, रुपयाएवढा, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून नवा आणून घातला. मोठा चोवीस पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा बसवला. चार सेकंदं. साधा बीपसुद्धा नाही. बीप झाला असता तर निदान कुठे दुखतंय ते कळलं असतं.

हिंजवडीला असलेल्या भाच्याला फोन केला. बावीस लाखांचं पॅकेज आहे त्याला, त्याच्या आईने सांगितल्याप्रमाणे. म्हणाला, “मामा, मी क्लाउडवर असतो. हार्डवेअरमधलं मला नाही कळत.” ढगात असलेल्या माणसाशी काय बोलणार. ठेवला फोन.

मग एकाने नंबर दिला म्हणून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पाठीवर सॅक, कानात ते पांढरं बोंडूक. त्याने बटण दाबायला लावलं, कान लावून चार सेकंदं ऐकली आणि म्हणाला, “बोर्ड गेलाय, सर.”

“उघडून तरी बघा.”

“उघडून काय बघायचं? हा बोर्ड आता मिळत नाही. आणि विंडोज टेन पण चौदा तारखेला बंद होतंय. नवीनच घ्या. व्हिजिटचे पाचशे. पैशांसाठी माझा स्कॅनर देऊ?”

स्क्रूड्रायव्हर सॅकमधून बाहेर आलाच नाही. हे मात्र मला अजून पचलेलं नाही, आणि इथे मला विनोदही सुचत नाहीये. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी पूर्वी बोर्ड घेऊन गेलो की काउंटरवरचा माणूस भिंगातून बघून फुगलेला कपॅसिटर बोटाने दाखवायचा. दहा रुपयांचा कपॅसिटर, पन्नास रुपये मजुरी, संध्याकाळी घेऊन जा. आता वस्तू दुरुस्त करायला सांगणं म्हणजे आपण समोरच्याकडे भीक मागतोय असं वाटायला लावतात. चौदा तारखेला म्हणे बंद होतंय. बंद होत नाही, अपडेट मिळायचे थांबतात, एवढंच. पण हे त्याला सांगेपर्यंत तो जिन्यात होता. आणि दार उघडं राहिलं. त्या उघड्या दारातून काका आत आले.

काका म्हणजे खालच्या मजल्यावरचे. विद्युत मंडळातून निवृत्त. ‘महावितरणमधून’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. ते २००४ साली निवृत्त झाले, २००५ साली मंडळाचे तुकडे झाले, आणि या दोन घटनांचा थेट संबंध आहे असं त्यांचं मत आहे. वय एकोणऐंशी. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात तिथे काका टेस्टर लावतात. लग्नालासुद्धा.

“काय झालं रे?”

“काही नाही काका, कॉम्प्युटर.”

“सप्लाय बघितलास?”

“पंखा फिरतोय ना, म्हणजे सप्लाय आहे.”

“पंखा फिरतो म्हणजे सप्लाय आहे, असं तुला कुणी शिकवलं? सप्लाय असणं वेगळं, सप्लाय टिकणं वेगळं.” असं म्हणून ते माझ्या खुर्चीवर बसले. मी उभा. टेस्टर प्लगमध्ये घातला, तांबडा ठिपका उजळला. “फेज आहे,” ते म्हणाले, जणू तो त्यांनीच खिशातून आणला होता. मग आतल्या दिशेने, “सूनबाई, चहा टाक गं. साखर कमी, पण आहे असं वाटलं पाहिजे.”

बायको म्हणाली, “बघू द्या हो काकांना, त्यांना कळतं.” पंचवीस वर्षांत हे वाक्य माझ्याबाबतीत कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

“कितीचा आहे हा?”

“पॉवर सप्लाय साडेचारशे वॉटचा आहे, काका.”

“साडेचारशे?” काकांनी कॅबिनेटकडे वरून खाली बघितलं. “आमचा मिक्सर साडेसातशेचा आहे. त्याला कधी माणूस बोलावला नाही मी.”

मी म्हटलं, “काका, यात मदरबोर्ड असतो, तो आधी स्वतःची तपासणी करतो, मग…”

“स्वतःची तपासणी स्वतः? मग तो कशाला सांगेल बिघाड आहे म्हणून? आमच्याकडे इन्स्पेक्शनला नाशिकचा माणूस यायचा.”

यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही.

मग कोयना आली. ती येणारच होती. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप, काका पोफळीच्या वीजकेंद्रात नुकते लागलेले. ही गोष्ट मी गणपतीच्या आरतीनंतर ऐकली आहे, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ऐकली आहे, एकदा वैकुंठ स्मशानभूमीतही ऐकली आहे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा भूकंपाच्या वेळी काका क्वार्टरमध्ये झोपलेले होते. पुढे ते ड्यूटीवर निघालेले असायचे. या वेळी ते टर्बाइनला हात लावून उभे होते. आणखी दोन-तीन वर्षांनी भूकंप त्यांना विचारून होईल.

एवढ्यात संपादकांचा फोन. मी घ्यायच्या आत काकांनी घेतला, कारण तो त्यांच्या हाताशी होता, कारण ते माझ्या खुर्चीवर होते. “हां, बोला. नाही, तो नाहीये बोलण्याच्या परिस्थितीत. मशीन फॉल्टमध्ये आहे. कधी म्हणजे? अहो, एक विचारू? एक वर्ष तुमचा अंक नाही निघाला तर काय होईल?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. हा प्रश्न त्या बिचाऱ्याला घरीही विचारत असणार. मग फोन हळूच ठेवल्याचा आवाज आला.

“अर्थिंग,” काकांनी निदान केलं. “तुझं अर्थिंग कोरडं पडलंय. पाऊस थांबला की जमीन सुकते. खाली मीटरच्या मागे खड्डा आहे, त्यात दोन बादल्या पाणी ओत. मीठ टाकून.”

“काका, अर्थिंगचा याच्याशी…”

“अहो, ओता ना,” बायको म्हणाली. “तुम्ही तरी दुसरं काय करताय?”

खरं सांगतो, त्या क्षणी मी दुसरं काहीच करत नव्हतो. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी सव्वाबारा वाजता, छप्पन्न पानं बाकी असताना, दोन हातांत मिठाच्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन मी तीन जिने उतरलो. लिफ्ट बंद होती. मीटरमागच्या खड्ड्यात पाणी ओतत असताना वॉचमन शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, “झाड लावलंय काय साहेब?” मी ‘हो’ म्हणालो. “मिठाचा वास येतोय,” तो म्हणाला. “नारळाचं आहे,” मी म्हणालो. तो खड्ड्याकडे आदराने बघायला लागला. मी वर आलो तेव्हा काकांचा दुसरा चहा आणि चकल्यांची पहिली वाटी झाली होती.

मी बटण दाबलं. चार सेकंदं. गप्प.

“सरक,” काका म्हणाले.

ते उठले, पायजमा वर ओढला, उजवा तळहात उघडला आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, बरोब्बर बटणाच्या वर, अभ्यासाला न बसणाऱ्या नातवाच्या पाठीत घालावा तसा एक धपाटा घातला. आत काहीतरी ‘टिक’ झालं. हार्ड डिस्कच्या काळजीने मी ओरडलो. ओरडत असतानाच त्यांनी मागचा स्विच बंद करून लावला आणि बटण दाबलं. पंखा. निळा दिवा. चार सेकंदं. पाच. सहा. बीप! एकच, छोटा, गोड. मग स्क्रीनवर कंपनीचा लोगो, मग माझं पेजमेकर, मग चाळीसावं पान, कवितेसकट.

“पाणी झिरपायला वेळ लागतो जरा,” काका म्हणाले आणि उरलेली चकली उचलली.

ही झाली बिल्डिंगला माहीत असलेली हकीकत. पुढची मी आत्ता पहिल्यांदा सांगतोय. रात्री एक वाजता, बावन्नावं पान लावून झाल्यावर, कॅबिनेटच्या पायाशी काहीतरी पायाला टोचलं. उचलून दिव्याखाली धरलं. तांदळाचा एक दाणा. कुंकवाने गुलाबी झालेला, एक टोक मोडलेलं, मधोमध दाबल्याची चापट खूण. मी बटणाकडे बघितलं. ते वर आलं होतं, बारा वर्षांपूर्वी होतं तसं. बटण आणि त्याच्या भोवतालची कडा, यांच्या फटीत तो दाणा सरळ उभा राहील एवढीच जागा आहे. मी घालून बघितला. बसला. लगेच काढला.

बटण चार-पाच सेकंदं दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो, हे मी स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना फोनवर सांगितलंय. अक्षता बटण दाबून बसली होती. ते बिचारं प्रत्येक वेळी उठायचं आणि हुकूम आल्यासारखं पुन्हा झोपायचं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक सढळ हाताची होती.

हे सांगितलं तर काकांच्या अर्थिंगचा निकाल लागतो, हे खरं. पण गाढवपणा सगळा माझ्या खात्यावर येतो, पाचशे रुपयांसकट. म्हणून मी गप्प. दाणा नव्या सेलच्या रिकाम्या पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. अंक वेळेवर गेला. संपादकांनी त्यात ‘अक्षरजुळणी’च्या ओळीखाली काकांचे विशेष आभार मानलेत.

नोव्हेंबर लागला तसे काका हयातीच्या दाखल्यासाठी माझ्याकडे यायला लागले, ऑनलाइन काढायचा म्हणून. त्यांचा चेहरा कॅमेऱ्यात येतो, पण ॲप म्हणतं डोळे मिचकावा, आणि काका म्हणतात, मी कुणाच्या सांगण्यावरून डोळे मिचकावत नाही. बसायच्या आधी कॅबिनेटला सवयीने एक चापट मारतात, आता हलकी.

परवा जाताना दारात थांबले. “पुढच्या खंडेनवमीला पूजा नीट कर बरं का,” ते म्हणाले. “यंदा कमी पडली असणार, म्हणूनच रुसलं ते. अक्षता जरा मोकळ्या हाताने वाहत जा.”

“मी सांगते त्यांना,” बायको म्हणाली.